किती जणांना हवंय, हा अर्धाच प्रश्न

गेल्या उन्हाळ्यात आमच्या तालुक्याच्या पंचायत समितीच्या सभागृहात एक बैठक झाली. विषय एकच: डोंगरापलीकडच्या चार वाड्यांना मोबाइलचा टॉवर द्यायचा की नाही. एका कंपनीचा तरुण अधिकारी लॅपटॉप घेऊन आला होता. मुलगा सभ्य होता, तयारीनं आला होता. त्यानं पडद्यावर तक्ता लावला. घरं, माणसं, दुकानं, शाळेचा पट, दुचाक्या, आणि अगदी उजवीकडे ‘सध्याचा वापर’. चारही वाड्यांपुढे त्या रकान्यात जवळपास शून्य. म्हणजे मागणी नाही, म्हणजे टॉवर परवडत नाही. मागच्या बाकावरून एक आजोबा म्हणाले, “अहो साहेब, रेंजच नाही तर वापरणार काय, कपाळ?” सभागृह हसलं. मग स्थानिक पुढारी उठले आणि टेबलावर हात आपटून म्हणाले की मागणी प्रचंड आहे, लोकांना पाहिजे म्हणजे पाहिजे. एकाकडे शून्य, दुसऱ्याकडे प्रचंड, आणि त्या दोघांत दीड तास गेला. चहा मात्र चांगला होता.

हाच वाद दिल्ली-मुंबईत जरा उंची भाषेत चालतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये ५जी आलं तेव्हापासून एक बाजू विचारते, हे हवंय कोणाला? सिनेमा तर ४जीवरही दिसतो. दुसरी बाजू म्हणते, थांबा, डेटाची भूक वाढतच जाणार, आजवरचे अंदाज तोकडेच पडलेत. ६जीसाठीही हीच वाक्यं तयार ठेवलेली दिसतात. माझ्या मते दोन्ही बाजू एकाच चुकीवर उभ्या आहेत. मागणी म्हणजे लोकांच्या पोटात आधीपासून बसलेली एक संख्या, आणि हुशार माणसाला ती बाहेरून मोजता येते, असं दोघंही धरून चालतात. भांडण फक्त आकड्यावरून. पण मोबाइल सेवेच्या मागणीला दर आणि अटी सांगितल्याशिवाय आकडाच नसतो. मिनिटाला किती, पैसे कोणी भरायचे, महिन्याला कमीत कमी किती रुपयांचं रिचार्ज मारायचं, बोलायला घराबाहेर किती लांब जायचं, हे न सांगता ‘किती जणांना हवंय’ असं विचारणं म्हणजे भाव न सांगता ‘आंब्याच्या किती पेट्या घेणार’ असं विचारणं. आणि गंमत अशी की या अटी ठरवणारे बहुतेक वेळा अंदाज बांधणारेच असतात: सरकार, नियामक, कंपन्या. पंचांगात पर्जन्यविचार लिहिणाऱ्याच्या हाती पाऊस नसतो. यांच्या हाती असतो, आणि तरी ते आभाळाकडे बघत बसतात.

अंदाजांची टिंगल करायची झाली की एक गोष्ट हमखास सांगितली जाते. १९८०च्या सुमारास अमेरिकेतल्या एटी अँड टीनं मॅकिन्झी या सल्लागार कंपनीला विचारलं की सन २००० पर्यंत देशात मोबाइल फोन किती असतील. उत्तर मिळालं, सुमारे ९ लाख. प्रत्यक्षात निघाले १० कोटींहून अधिक. पुढे १९९४ मध्ये त्याच एटी अँड टीला या धंद्यात शिरायला मॅकॉ सेल्युलर ही कंपनी ११ अब्ज डॉलरहून जास्त मोजून विकत घ्यावी लागली. गोष्ट सांगून लोक हसतात आणि सिद्धांत मांडतात की मागणीचा अंदाज बांधणं हा खुळेपणाच. मला ते पटत नाही. १९८३ मध्ये मोटोरोलाचा पहिला हातात धरायचा फोन बाजारात आला तेव्हा त्याची किंमत ३,९९५ डॉलर होती, वजन पाऊण किलोच्या वर, आणि बॅटरी बोलायला पुरायची अर्धा तास. त्या किमतीला, त्या वजनाला ९ लाख हा आकडा वेडगळ होता का? मला तर तो उदारच वाटतो. चूक गणितात नव्हती. वीस वर्षांनीही फोन तसाच जड आणि तसाच महाग राहील, हे कोणी मोठ्यानं न म्हणता गृहीत धरलं, तिथे घोड्यानं पेंड खाल्ली.

आपल्याकडे तर हे डोळ्यांसमोर घडत होतं. चाळिशीच्या पुढच्या वाचकांना परगावी फोन लावायचे, पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ आठवत असतील. काचेची खोली, आत डोक्यावर तांबड्या आकड्यांचं मीटर, आणि बोलणाऱ्याची नजर भिंतीवरच्या देवापेक्षा त्या मीटरवर जास्त. दिवसा बूथ ओस पडलेला असायचा. रात्री दर उतरत उतरत शेवटी पावपट व्हायचा, आणि तेव्हा पायरीवर रांग लागायची. मुंबईत नोकरीला असलेले, गावाकडे शेजाऱ्यांच्या फोनवर आईला बोलावून ठेवलेले, हातात घड्याळ घेऊन बसलेले लोक. घड्याळाचा काटा सरकला की त्याच बूथची मागणी कैक पटींनी वाढायची. माणसं तीच, गरज तीच, यंत्रही तेच. आता सांगा, त्या गावाची ‘मागणी’ किती होती? दुपारी तीनची धरायची की रात्रीची? आणि जी बाई रात्रीच्या दरातही रांगेत नव्हती, तिची कुठे धरायची?

त्या काळी सरकारकडे मागणीचं अधिकृत माप होतं: प्रतीक्षायादी. टेलिफोनसाठी अर्ज केलेले आणि वर्षानुवर्षं थांबलेले लोक. पण त्या यादीत नाव घालायलाही अनामत लागायची, आणि आपल्या हयातीत फोन येणार नाही अशी खात्री असलेला माणूस अर्जच करत नसे. यादी जितकी संथ, तितके अर्ज कमी, आणि अर्ज कमी म्हणून यंत्रणाही तोकडी. वाड्यांचं ते शून्य आलं ते याच घराण्यातून.

पुढचं तर सगळ्यांना माहीत आहे, पण आकडे पुन्हा शेजारी ठेवून बघण्यासारखे आहेत. ३१ जुलै १९९५ रोजी कोलकात्याहून पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी दिल्लीत केंद्रीय दळणवळण मंत्री सुखराम यांना केलेला फोन हा देशातला पहिला मोबाइल संवाद. तेव्हा गर्दीच्या वेळचा दर मिनिटाला १६ रुपये ८० पैशांपर्यंत होता आणि आलेल्या फोनलाही पैसे पडायचे. साहजिकच फोन वाजला की लोक आधी नंबर बघत आणि मग शेजारच्या दुकानातून उलटा लावत. मार्च १९९९ च्या सुमारास देशभरात मोबाइलधारक होते अवघे १२ लाखांच्या आसपास. त्या वर्षीच्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणानं उद्दिष्ट ठेवलं: २०१० पर्यंत दर १०० माणसांमागे १५ फोन, आणि खेड्यांत ४. त्या वेळी हे महत्त्वाकांक्षी वाटलं असणार. मग मे २००३ पासून आलेला फोन फुकट झाला, म्हणजे ज्यानं लावला त्यानं भरायचं. कंपन्यांची चढाओढ लागली, ५०१ रुपये भरून हँडसेट हातात मिळू लागला. १५ चं ते उद्दिष्ट २००६-०७ मध्येच मागे पडलं. मार्च २०१० ला मोबाइल जोडण्या ५८ कोटींच्या वर होत्या, शंभरामागे फोन ५२ च्या पुढे, आणि खेड्यांत ४ च्या जागी २४. धोरण लिहिणाऱ्यांना भविष्य दिसलं नाही असं म्हणणं सोपं आहे. पण आलेल्या फोनचे पैसे कोणी भरायचे, हा नियम बदलणं त्यांच्याच हातात होतं.

हे काही मोबाइलपुरतं नाही. १८४५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनी हिंदुस्थानातल्या रेल्वेचा विचार केला तेव्हा त्यांचं मत होतं की इथला धंदा मालवाहतुकीवर चालेल, प्रवाशांवर नाही. लोक गरीब, वस्ती विखुरलेली, धर्माचे निर्बंध. एका डब्यात बसणार कोण? १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदराहून ठाण्याला गाडी सुटली ती चारशे पाहुण्यांना घेऊन, तोफांच्या सलामीत. आणि मग ज्यांची गणतीच नव्हती ते लोक आले. पुढच्या काळात तिसऱ्या वर्गाचे प्रवासी एकूण प्रवाशांच्या नव्वद टक्क्यांहून जास्त असत. पंढरीला पायी जाणारा, बाजाराला बैलगाडीनं जाणारा माणूस संचालकांच्या हिशेबात ‘प्रवासी’ नव्हताच. तो चालत होता म्हणून त्याला प्रवास नको आहे, असा अर्थ लंडनमध्ये बसून काढला गेला. तिसऱ्या वर्गाचं स्वस्त तिकीट आल्यावर तो दिसू लागला.

आता समोरच्या बाजूचं सर्वांत बळकट म्हणणं घेऊ, कारण ते खरंच बळकट आहे. ‘मागणी नेहमी अंदाजापेक्षा जास्त निघते’ हा विजेत्यांचा इतिहास झाला. १९९५ मध्ये परवान्यांसाठी कंपन्यांनी अफाट बोली लावल्या. हिमाचल फ्युचरिस्टिक या कंपनीनं नऊ मंडळांतल्या, म्हणजे परवान्यांसाठी पाडलेल्या नऊ विभागांतल्या, साध्या टेलिफोन सेवेसाठी लावलेली बोली ८५ हजार कोटींच्या घरातली होती. पैसे येईनात, शुल्क थकलं, आणि १९९९ मध्ये सरकारला ठरावीक शुल्क सोडून उत्पन्नातल्या वाट्यावर यावं लागलं. २०१० च्या ३जी लिलावात ६७,७१९ कोटी रुपये जमले, आणि ते कर्ज कंपन्यांच्या पाठीवर वर्षानुवर्षं राहिलं. परदेशात इरिडियम या उपग्रहांवरून फोन देणाऱ्या कंपनीनं ६६ उपग्रह आकाशात सोडून नोव्हेंबर १९९८ मध्ये सेवा सुरू केली आणि ऑगस्ट १९९९ मध्ये दिवाळं काढलं. आपल्याकडच्या, नुसता निरोप दाखवणाऱ्या पेजरचं नाव तरी आज कोण काढतो? कंबरेला पेजर लावून मिरवणारा माझा एक मामेभाऊ होता. त्याच्या लग्नाच्या फोटोतही तो पेजर दिसतो, आणि त्याची मुलं विचारतात की बाबा, हे इन्सुलिनचं मशीन आहे का. तेव्हा ‘बांधा, लोक येतील’ हे धोरण नव्हे, जुगार आहे, आणि हरल्यावर पैसे बँकांचे, म्हणजे शेवटी आपलेच जातात. डझनभर कंपन्यांच्या आज तीन खासगी आणि एक सरकारी उरल्या, त्याचं एक कारण हे आहे.

सगळं मान्य. पण या फसलेल्या अंदाजांकडे जवळून बघा. १९९५ च्या बोलींमागचा हिशेब काय होता? देशाची लोकसंख्या अफाट, म्हणून गिऱ्हाईक अफाट. आणि उत्पन्न काढताना मात्र दर तेव्हाचा चढा. गिऱ्हाईक स्वस्ताईचं मोजलं आणि दर महागाईचा लावला. इरिडियमचंही तेच: जगभर फिरणारे व्यापारी मोजले, पण ३ हजार डॉलरचा विटेएवढा फोन त्यातले कितीजण बाळगतील, ते मोजलं नाही. म्हणजे जास्त निघालेले अंदाज आणि कमी निघालेले अंदाज ही एकाच चुकीची दोन तोंडं आहेत. याहून स्वच्छ उदाहरण हवं तर मोबाइलच्या लहरींच्या ७०० मेगाहर्ट्झ पट्ट्याचं घ्या. २०१६ च्या लिलावात देशभरासाठी या पट्ट्याची राखीव, म्हणजे कमीत कमी बोलीची, किंमत मेगाहर्ट्झला ११,४८५ कोटी होती. एकही गिऱ्हाईक नाही. २०२१ मध्ये ६,५६८ कोटी केली, तरी नाही. २०२२ मध्ये ३,९२७ कोटी केली आणि जिओनं देशभरातला १० मेगाहर्ट्झ ३९,२७० कोटींना उचलला. दोन लिलावांनंतर ‘या पट्ट्याला मागणी नाही’ असं कोणी म्हटलं असतं तर ते खरं ठरलं असतं का? भिंतीआडून जाणारी तीच लहर, तोच देश, त्याच कंपन्या.

दुसरा आक्षेप इंजिनिअरांचा, आणि मला त्यांच्याबद्दल जास्त सहानुभूती आहे. ते म्हणतात, तुमचं ‘दरावर अवलंबून’ वगैरे ठीक, पण आम्हाला टॉवर, केबल, बॅटऱ्या यांची ऑर्डर आज द्यायची आहे. एक आकडा सांगा. बरोबर आहे. आणि जवळच्या पल्ल्याचा आकडा त्यांना काढताही येतो. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांग या गणितज्ञानं शंभर वर्षांपूर्वीच दाखवलं की दिवसातल्या सर्वांत गर्दीच्या तासात किती फोन येतात आणि किती वेळ चालतात हे कळलं, तर किती वाहिन्या लागतील ते काढता येतं. आजही हिशेब त्याच्याच नावाच्या एककात होतो. आषाढीला पंढरपुरात चाकांवरचे टॉवर आणून उभे करतात ते याच भरवशावर: तारीख ठरलेली, वारकरी येणार हे ठरलेलं. तरी ऐन एकादशीला चंद्रभागेच्या वाळवंटात हरवलेल्या माणसाला फोन लागत नाही, ती गोष्ट वेगळी. पण एर्लांगचं गणित चालू असलेली रहदारी मोजतं. ज्या वाडीत वाहिनीच नाही तिथे त्याला मोजायला काही नाही, आणि मोजायला काही नाही म्हणून शून्य लिहायचं, हे एर्लांगनं कधीच शिकवलेलं नाही.

तिसरं म्हणणं असं की आता बाजार भरला, शहरांत तर माणसांपेक्षा सिम जास्त, मग अंदाजाचं अवघड काय राहिलं? इथेही मी अर्धा सहमत आहे. वाढीची वक्ररेषा सपाट झाली की पुढच्या वर्षीचा आकडा कोणीही सांगेल. पण जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी दर वाढवले आणि पुढचे काही महिने त्यांचे ग्राहक घटत गेले, तर बीएसएनएलकडे लोक वळले. दुसऱ्या खोबणीतलं सिम गळून पडलं. भरलेल्या बाजारातही आकडा दराच्याच तालावर नाचतो. त्याहून महत्त्वाचं, २०२४ मध्येही देशात सुमारे १५ कोटी लोक बटणांचे २जी फोन वापरत होते, आणि त्यांनाही रिचार्ज मारताना न वापरायचा डेटा विकत घ्यावा लागायचा. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकानं कंपन्यांना नुसत्या बोलण्याचे आणि एसएमएसचे पॅक ठेवायला सांगितलं. तोवर ‘नुसतं बोलायचं आहे’ ही मागणी कोणत्याही तक्त्यात कुठून दिसणार होती? तसा मालच दुकानात नव्हता. घरातल्या फोनचंही असंच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्वतः वापरायचा मोबाइल असलेल्या स्त्रिया होत्या ५४ टक्के. घरटी एक फोन मोजणाऱ्याला उरलेल्या बायका ‘फोन असलेल्या घरात’ राहताना दिसतात.

शिवाय फोन लोक कशासाठी वापरतील, हे त्यांना स्वतःलाही आधी सांगता येत नाही. केरळच्या किनाऱ्यावर १९९७ नंतर टॉवर आले ते गावांसाठी, पण लहरी समुद्रात वीस-पंचवीस किलोमीटरपर्यंत जात होत्या. मच्छीमार होडीतूनच विचारू लागले की आज कोणत्या बंदरात भाव आहे. रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञानं नंतर हिशेब मांडला: मच्छीमारांचा नफा सुमारे ८ टक्क्यांनी वाढला, गिऱ्हाइकाला मासळी सुमारे ४ टक्क्यांनी स्वस्त मिळाली, आणि गिऱ्हाईक नाही म्हणून मासळी फेकून देणं थांबलं. त्याआधी कोणी किनाऱ्यावर जाऊन ‘समुद्रात फोन लागेल का’ असं विचारलं असतं, तर लोकांनी त्याला उन्हाचा त्रास झाला असं समजून पाणी दिलं असतं. आणि मिस्ड कॉल? एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे एसटी चुकली. कोट्यवधी निरोप गेले, बिलात एक पैसा नाही. कमाई मोजणाऱ्या तक्त्यात ही सगळी माणसं गप्प होती.

मग त्या चार वाड्यांचं काय? तिथे टॉवर कधी नफ्यात येईलच असं मी म्हणत नाही. कदाचित कधीच येणार नाही. त्यासाठीच तर २००२ पासून आपल्या सगळ्यांच्या बिलांतून कंपन्यांच्या उत्पन्नाचे ५ टक्के एका निधीत जातात, आणि त्यातली बरीच रक्कम वर्षानुवर्षं पडून राहिली. जुलै २०२२ मध्ये केंद्रानं ४जी न पोचलेल्या २४,६८० गावांसाठी २६,३१६ कोटी मंजूर केले, ते योग्यच झालं. पण कोणत्या गावाला आधी, किती क्षमतेचा टॉवर, हे ठरवताना पुन्हा ‘सध्याचा वापर’च बघणार का? वाडीच्या वरच्या अंगाला एक जांभूळ आहे. त्याच्या खालच्या फांदीला कोणीतरी प्लास्टिकची बाटली आडवी कापून बांधली आहे. तिच्यात फोन उभा ठेवला की दोन काड्या रेंज येते. पोरं परीक्षेचा निकाल तिथे बघतात, आशाताई माहिती तिथून पाठवतात. पाऊलवाट इतकी मळली आहे की गवत उगवत नाही. दिवसाकाठी त्या झाडाखाली किती माणसं येतात, किती वेळ थांबतात, आणि फोन घरात लागला तर महिन्याला ५० रुपये देतील की १०० की २००, हे तीन दिवस बसून मोजता येतं. तीन दर, तीन आकडे. मग म्हणा परवडत नाही.

बैठक संपल्यावर मी त्या अधिकाऱ्याला जिन्यात गाठून हेच सांगितलं. त्यानं नीट ऐकून घेतलं, वहीत ‘जांभूळ’ असं लिहूनही घेतलं. मी विचारलं, तुमच्या तक्त्यात दराचा रकाना का नाही?

“दर आमच्याकडे नसतो हो,” तो म्हणाला. “तो वरून येतो.”